डाव्या कोपऱ्यातली पट्टी

नंदीशला डाव्या डोळ्याने दिसत नाही, ही गोष्ट बब्रुवानला नऊ वर्षांनी कळली. नऊ वर्षं तो रोज दुपारी नंदीशच्या दुकानात, हातभर अंतरावरच्या स्टुलावर बसत होता. डोळा जागेवर होता, हलत होता, उघडमीट करत होता. आत उजेड पोचत नव्हता, एवढंच. सात वर्षांचा असताना नंदीश तुरीच्या रानात पडला आणि कापलेल्या तुरीचा खुट डोळ्यात गेला. हे त्याच्या आईने, रुद्रम्माने, सांगितलं तेव्हा ऐकून काही उपयोग राहिला नव्हता.

तसं बघायला गेलं तर नंदीशविषयी बब्रुवानला जे ठाऊक होतं ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं. उमरग्याच्या बसस्थानकामागच्या गल्लीत दुकान. वय बेचाळीस-त्रेचाळीस. घरी फक्त आई. बायको होती, ती माहेरी गेली ती आली नाही; का गेली ते माहीत नाही. चहा बिनसाखरेचा. सुटे स्क्रू काड्यापेटीत ठेवायचा आणि ते कुठल्या मशीनचे आहेत ते काड्यापेटीवर पेनाने लिहायचा. आणि येणाऱ्याला नेहमी आपल्या उजव्या हाताला बसवायचा. कुणी स्टूल डावीकडे सरकवलं की म्हणायचा, "हिकडनं या, हिकडनं." बब्रुवानला वाटायचं, डावीकडे टेबलफॅन आहे म्हणून म्हणत असेल.

एवढ्याशा माहितीवर कुणाची गोष्ट सांगू नये. पण त्या सहा दिवसांत त्याच्या शेजारी दुसरं कुणी नव्हतं, बब्रुवानच होता. त्या सहा दिवसांत नंदीशचा उरलेला एकुलता डोळा जायला लागला होता. वेळेत दवाखाना गाठला तर वाचणार, नाहीतर नाही, असा तो मामला होता. आणि ते दोघं कॉम्प्युटर दुरुस्त करत बसले होते.

बब्रुवान एसटीत कंट्रोलर होता. त्याचा बाप आणि चुलते मेंढरं घेऊन हिंडायचे. घरात तो एकटा शिकला म्हणून नोकरीत चिकटला. एकतीस वर्षं त्याने स्थानकावरच्या काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारल्या. लाजाळू माणसाला माईक मिळाला, याचं सगळ्यांना हसू यायचं. पण माईकवर त्याला स्वतःचं काही बोलावं लागत नव्हतं, कागदावर असेल तेवढंच वाचायचं होतं. फक्त एकदा, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, लातूरची गाडी तीन नंबरला वळतेय असं त्याला काचेतून दिसलं आणि त्याने ते पुकारून टाकलं. गाडी लागली पाचवर. एक बाळंतीण तान्हं घेऊन तीनवर उभी राहिली आणि गाडी निघून गेली. साहेब फार काही बोलले नाहीत. पण त्यानंतर बब्रुवानने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं कधी पुकारलं नाही. ड्रायव्हरने येऊन सांगायचं, वहीत नोंद व्हायची, मग माईक. निवृत्तीनंतरही तेच अंगात राहिलं. भाजीवालीने नासका टोमॅटो पिशवीत टाकला तरी त्याला वाटायचं, आपल्यालाच नीट दिसला नसेल. त्यात दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले.

त्याची बायको कमलबाई म्हणायची, "घरी तुमच्या तोंडातनं शब्द निघंना, आन त्या दुकानात तीन-तीन तास कशाचं कीर्तन चालतंय?"

"म्या बोलत न्हाय. तो बोलतोय, म्या ऐकतो."

"मग हितं मी काय मुकी हाय व्हय?"

यावर बब्रुवान चप्पल घालून निघायचा.

नंदीश कॉम्प्युटर दुरुस्त करायचा आणि पासपोर्ट साइझचे फोटो काढायचा. तेरा वर्षांत काढलेला एकही फोटो त्याने पुसला नव्हता. गाव, नाव, तारीख अशी प्रत्येकाला चिठ्ठी आणि सगळे एकाच मोठ्या फोल्डरमध्ये. कुणाच्या घरी माणूस गेलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याचा मुलगा नाहीतर भाऊ डोक्याला टॉवेल गुंडाळून दारात उभा राहायचा. "रेशनकार्डाला काढला हुता बघा फोटो, असंल का?" असायचाच. नंदीश मान जरा डावीकडे वळवून शोधायचा, शर्टाची कॉलर नीट करायचा, मागे निळा रंग टाकायचा आणि मोठा करून द्यायचा. आसपासच्या पंचवीस-तीस खेड्यांत हार घालून टांगलेले कितीतरी चेहरे त्या एका मशीनमधून निघालेले आहेत.

मशीन जुनं होतं. बहुतेक दुकानांत असते ती प्रणाली त्यावर नव्हती, लिनक्स होती. नंदीश सांगायचा, ही फुकट मिळते, जुन्या मशीनवर चालते, गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधला व्हायरस हिला लागत नाही. फक्त एक आहे, बिघडली तर कंपनीला फोन लावता येत नाही. आपलं आपण शोधायचं. ते शोधणं त्याला मनापासून आवडायचं, हेही पोस्टकार्डावर लिहायला हवं होतं.

जानेवारीतल्या त्या सोमवारी बब्रुवान गेला तेव्हा तुरोरीचा एक माणूस बापाचा फोटो घ्यायला येऊन बसला होता आणि फोल्डर काही उघडत नव्हतं. चार मिनिटं गेली तेव्हा उघडलं. माणूस फोटो घेऊन गेल्यावर नंदीश म्हणाला, "काका, हिचं कायतरी दुखतंय." मशीनला तो 'ही' म्हणायचा.

"काय झालं?"

"मागितलेलं देईना. फोटो मागा, नुसती घुम्यागत बसती. आन मधीच स्क्रीनच्या कडंला चमकतंय. लांब वीज चमकावी तसं. ह्ये बघा, आत्ता चमकलं."

बब्रुवान बघतच होता. त्याला काही दिसलं नाही. आपली नजर पोचायला उशीर झाला असेल असं त्याला वाटलं.

"असंल," तो म्हणाला.

नंदीशने काळी खिडकी उघडली. तिच्यात पांढरी अक्षरं भराभर वर सरकायला लागली. ही मशीनची स्वतःची रोजनिशी, त्याने सांगितलं. तिला काय काय झालं ते ती स्वतः लिहून ठेवते. त्यात दर थोड्या वेळाने एकच तक्रार होती. डिस्कशी बोलणं तुटलं, परत जोडलं. परत तुटलं, परत जोडलं.

"घावलं," नंदीश म्हणाला. "डिस्क उत्तर देईपर्यंत ही थांबती, आन ही थांबली की स्क्रीनवरचं चित्र बी तिथंच अडकून राहतंय. सगळं एकातच एक हाय."

हे बब्रुवानला समजलं आणि पटलं. पुढची गाडी आली नाही की मागच्या सगळ्या अडकतात, हे त्याने एकतीस वर्षं बघितलं होतं.

नंदीशची दुरुस्तीची एक पद्धत होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदललेलं वहीत लिहायचं. आणि फरक पडला की नाही हे दोन माणसांनी बघायचं. वहीत तीन रकाने होते: काय केलं, काय झालं, साक्ष. एकट्याच्या बघण्यावर त्याचा विश्वास नव्हता. "मशीन खोटं बोलत न्हाय, काका. माणसाचं मन बोलतंय. आपल्याला वाटतंय दुरुस्त झालं, म्हणून झाल्यागत दिसतंय. दुसऱ्यानं बघितलं म्हंजे पक्कं." दुपारच्या वेळी दुसरा म्हणजे बब्रुवानच. नऊ वर्षांत त्या साक्षीच्या रकान्यात त्याचं नाव कितीदा लिहिलं गेलं असेल, आणि तेवढ्यापुरतं त्याला बरंही वाटायचं. ज्याला घरी कोणी भाजीत मीठ किती तेही विचारत नाही, त्याला कुणीतरी साक्ष विचारत होतं.

मंगळवारी नंदीशने डिस्कची तपासणी लावली. तिच्यावरची प्रत्येक फाईल जागेवर आहे का ते मशीन एक एक करून बघत गेलं. सकाळी दहाला लावलं ते चारला संपलं. तेवढा वेळ तो फडक्याने स्क्रीन पुसत होता.

"माश्या घाण करून गेल्यात काय की. काळं काळं ठिपकं दिसायल्यात."

दोनदा पुसलं, तीनदा पुसलं. शेवटी बब्रुवानने स्वतःच्या उपरण्याचं टोक ओलं करून दिलं. त्याने पुसूनही नंदीशचं समाधान झालं नाही.

बुधवारी त्याने डिस्कला जोडलेली वायर बदलली. पातळ लाल वायर, बोटभर रुंद. कुठेतरी आत पिचली असणार. नवी लावली, मशीन सुरू केलं, फोल्डरवर टिचकी मारली. बब्रुवान मनात आकडे मोजत होता. नऊ म्हणेपर्यंत सगळे चेहरे स्क्रीनवर हजर.

नंदीश हसला. त्याचं हसणं बब्रुवानला अजून आठवतं, कारण त्यानंतर तो हसला तो वेगळा. वहीत त्याने लिहिलं: वायर बदलली, चार मिनिटांचे नऊ सेकंद झाले, साक्ष काका. ते खरंच होतं. ते खरं झालं म्हणूनच पुढचं सगळं चुकलं. मशीनमध्ये दोष होता, तो पद्धतीने शोधला आणि सापडला; मग उरलेला दोषही तिच्यातच असणार आणि असाच सापडणार, यावर नंदीशचा भरवसा बसला.

"आता ही कोपऱ्यातली पट्टी तेवढी घालवायची," तो म्हणाला.

"कसली पट्टी?"

"खाली, डाव्या कोपऱ्यात. काळपट. सकाळपासनं हाय. तुमाला दिसतीय न्हवं?"

बब्रुवान पुढे वाकला. शटर अर्धं ओढलेलं होतं, त्याची सावली टेबलावर आणि थोडी स्क्रीनच्या खालच्या कडेवर पडली होती. यालाच तो पट्टी म्हणत असेल का? की दुसरं काही आहे आणि आपल्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना ते दिसत नाही? नाही म्हणावं तर हा म्हणेल, म्हाताऱ्याला एवढंही दिसत नाही. उद्यापासून साक्षीला दुसऱ्या कुणाला बोलावेल.

"व्हय," बब्रुवान म्हणाला. "हाय थोडं."

नंदीशने लिहिलं: खाली डावीकडे काळी पट्टी, साक्ष काका.

गुरुवारी त्याला एक युक्ती सुचली. स्क्रीनवर जे दिसतंय त्याचं चित्र मशीनलाच काढायला लावायचं आणि ते मोबाइलवर घेऊन बघायचं. पट्टी जर बाहेरच्या काचेत असेल तर त्या चित्रात येणार नाही. आतून, म्हणजे चित्र तयार करणाऱ्या कार्डातून येत असेल तर चित्रातही येईल. त्याने चित्र काढलं, मोबाइल डोळ्यांसमोर धरला आणि मान हलवली.

"हितं बी हाय. म्हंजे काच चांगली हाय, काका. आतलंच काम. कार्ड, न्हायतर त्याला चालवणारं सॉफ्टवेअर."

मोबाइल त्याने बब्रुवानपुढे धरला. मोबाइलवर गिऱ्हाइकांचे चेहरे होते, खाली तारीख होती आणि डाव्या कोपऱ्यात एका म्हातारीच्या नथीचा अर्धा भाग होता. दुसरं काही नव्हतं.

"हाय ना?"

"व्हय."

एकदा म्हणून झालं होतं. आता नाही म्हणायचं तर कालच्या व्हयचं काय सांगायचं?

"रातीला डोळं मिटलं तरी ती पट्टी दिसती," नंदीश म्हणाला. "इतकी डोसक्यात बसलीय." आणि चहाचा कप उचलायला हात नेला तो कपाच्या डावीकडून गेला. कप पडला. तो उठून फडकं आणायला निघाला आणि डाव्या मांडीने टेबलाच्या कोपऱ्याला धडकला. रोजचं टेबल, तेरा वर्षांचं.

तेव्हा बब्रुवानला मेंढी आठवली. लहानपणी बापाच्या कळपात एक होती. चालताना मान सारखी एका अंगाला वळवायची आणि मेंढरांच्या वाडग्याच्या काटेरी कुंपणाला घासत जायची. सगळ्यांना वाटलं मानेत लचक भरली असेल. दहा वर्षांच्या बब्रुवानने बापाला सांगितलं होतं, तिला त्या अंगाचं दिसत नाही. बापाने तिच्या डोळ्यापुढे बोटं नाचवून बघितली आणि म्हणाला, बरोबर आहे तुझं. नंदीश आता तशीच मान करून फडकं शोधत होता.

घरी जाऊन त्याने ही गोष्ट कमलबाईला सांगितली. हळूच, दुसऱ्या कुणाची असावी अशी.

"मग त्याला सांगा की," ती म्हणाली.

"काय सांगू? शिकलेला माणूस हाय. त्याला त्याचं कळत नसंल?"

"तुमच्या बापानं मेंढीला सांगितलं हुतं काय? धरून आणली आसंल की. तसं धरून न्या."

"आन काय नसलं तर?"

"नसलं तर चहा पिऊन परत या. दोघांची तोंडं बघून डॉक्टर काय हाकलून देतोय व्हय?"

रात्रभर बब्रुवानने ते वाक्य जुळवलं. नंदीश, मला ती पट्टी दिसत नाही. एवढंच म्हणायचं. दोन वेळा दिसली म्हणालो ते चुकीचं होतं. तू एकदा डोळा दाखव.

शुक्रवारी तो नेहमीपेक्षा लवकर गेला. दुकानात टेबलावर दोन स्क्रीन होत्या. शेजारच्या झेरॉक्सवाल्याची स्क्रीन आणून नंदीशने जोडली होती, पट्टी तिच्यावरही होती. कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर काढून जुनं टाकलं, पट्टी होती. वहीचं पान भरत आलं होतं. अक्षरं नेहमीसारखी रेघेवर नव्हती, खाली उतरत गेली होती.

"आता तर खिडक्यांच्या कडा बी वाकड्या दिसायल्यात," नंदीश म्हणाला. "सरळ रेघ, आन मधी पोट आल्यागत. कार्ड तापतंय वाटतं. बसा, काका. बरं झालं लवकर आलात. तुमच्याबिगर नोंद करता येईना."

बब्रुवान उभाच राहिला.

"नंदीश," तो म्हणाला.

"बोला."

"ते... पट्टीचं म्हणत हुतो."

"व्हय, तेच. वाढलीय न्हवं? पाव स्क्रीन खाल्ली बघा. तुमाला किती दिसती? पाव, का जास्त?"

त्याचा चेहरा बब्रुवानकडे वळला होता. दाढी वाढलेली, डोळा लाल. त्या चेहऱ्यावर जे होतं ते बब्रुवानने स्थानकावर कितीदा पाहिलं होतं. गाडी येणार आहे असं ऐकायला आलेल्या माणसाचा चेहरा. त्याला पाव की जास्त एवढंच हवं होतं.

"पाव," तो म्हणाला.

त्या एका शब्दानंतर त्याला तिथे बसवेना. कमलबाईने बोलावलंय म्हणून तो उठला. गल्लीच्या तोंडाशी जाऊन तो परत फिरला, दुकानापर्यंत आला आणि बाहेरूनच त्याने बघितलं. नंदीश गालाने जवळजवळ काचेला टेकून काहीतरी वाचत होता. बब्रुवान आत गेला नाही.

शनिवारी नंदीशने शेवटचं करून बघितलं. कार्डच काढून काड्यापेटीशेजारी ठेवलं आणि स्क्रीनची वायर थेट मदरबोर्डला जोडली. डिस्कची वायर सोडवली. पेनड्राइव्हवरून कोरी प्रणाली चालू केली, जिचा जुन्या मशीनशी काही संबंध नव्हता. आणि सगळी स्क्रीन पांढरी केली, वर एक अक्षर नाही. आता बदलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्याच वेळी रुद्रम्मा डबा घेऊन आली. सत्तरीची बाई, कपाळाला इबत्तीचं भस्म, शाळेचं तोंड न बघितलेली. डबा टेबलावर ठेवून ती वळली तेवढ्यात नंदीश म्हणाला, "अव्वा, हिकडं ये. हितं खाली, डाव्या बाजूला काय दिसतंय सांग."

तिने पदराला हात पुसले, वाकली, बघितलं.

"काय न्हाय."

"नीट बघ. काळं."

"काळं कुठलं आणू? पांढरं हाय सगळं. भितीला चुना लावल्यागत."

बाहेर एक ट्रक उलटा येत होता, त्याचा भोंगा वाजत होता. तो थांबला. मग नंदीशने मान वळवली, खूप वळवली, रुद्रम्माला जागा देऊन डावीकडे सरकलेला बब्रुवान त्याच्या नजरेत येईपर्यंत.

"काका?"

बब्रुवानच्या हातात उपरण्याचं टोक होतं. तो ते पिळत राहिला.

"मला बी दिसत न्हाय," तो म्हणाला.

"आज?"

"कधीच दिसली न्हाय."

"मग व्हय का म्हणत हुता?"

"वाटलं, तुला दिसतीय म्हंजे असंल."

नंदीशने उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. तसाच बसला. मग हात काढून पांढऱ्या स्क्रीनकडे बघितलं, तिथून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, तिथून दाराकडे. जिथे बघेल तिथे ती पट्टी असणार. रुद्रम्माने त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, डोळ्यापुढे बोट नेलं, डाव्या अंगाने आणलं. पापणी हलली नाही. बोट नाकाजवळ आलं तेव्हा तो दचकला.

"त्यो तर कवाच गेला हुता," ती म्हणाली. "तुरीच्या खुटानं गेला त्यो डावा. आता ह्यो. ह्यो एकच हाय रे माझ्या लेकराला."

तेव्हा बब्रुवानला कळलं.

हमरस्त्यावरच्या दवाखान्यात डॉक्टरने डोळ्यात औषध टाकून अर्धा तास बसवलं आणि मग आत उजेड टाकून बघितलं. दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या मागचा पातळ थर, सुटलंय, त्याने सांगितलं. भिंतीचा पापुद्रा सुटावा तसं वरून खाली येतंय. आधी चमक येते, मग ठिपके, मग एका कडेने अंधार. किती दिवस झाले? नंदीशने सोमवार सांगितला. तारीख, वार, वेळ, सगळं त्याला पाठ होतं. डॉक्टरने चिठ्ठी लिहिता लिहिता विचारलं, "मग एवढे दिवस काय करत होता?" आजच्या आज सोलापूर, डॉक्टर म्हणाला. मधला भाग धरून असेल तर काहीतरी हाती लागेल. बुधवारपर्यंत आला असता तर मी खात्रीने बोललो असतो.

बाकावर बसले असताना नंदीश हळूच म्हणाला, "काका, तुमी न्हाय म्हणला असता तरी म्या आजून दोन दिवस घालवलंच असतं. मशीनचंच असावं, असं लई वाटत हुतं." आणि तो हसला. हे त्याने खरं सांगितलं की म्हाताऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून, ते बब्रुवानला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही कळत नाही.

ऑपरेशन झालं. रुद्रम्माने फोनवर कमलबाईला सांगितलं ते असं: दिवस आहे की रात्र ते कळतं, समोर हात हलवला तर काहीतरी हललं एवढं कळतं, चेहरा कळत नाही. दुसऱ्यांदा केलं, तरी तेवढंच. मायलेक आळंदकडे, तिच्या भावाच्या गावी राहायला गेले. त्यांचा नंबर बब्रुवानकडे आहे. त्याने तो कितीदा लावला आणि घंटी वाजायच्या आत कापला.

त्या शनिवारी दुकान बंद करायला तोच गेला होता. स्क्रीन पांढरी तशीच चालू होती. बटण थेट बंद करू नका, असं नंदीशने गिऱ्हाइकांना शंभरदा सांगितलेलं त्याने ऐकलं होतं. नीट कसं बंद करायचं ते मात्र नऊ वर्षांत विचारलं नव्हतं. तो स्टुलावर बसला आणि खालच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत राहिला. पांढरंच होतं. मग वही उघडली. सहा दिवसांची नऊ पानं, शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द: काका, काका, काका. वही मिटून त्याने होती तिथेच ठेवली आणि मशीन चालू ठेवूनच शटर खाली ओढलं.

अजून कुणीतरी टॉवेल गुंडाळून त्या शटरसमोर येऊन उभं राहतं आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याला विचारतं, फोटोवाले कधी येतील.

त्याआधी, दवाखान्यातून निघाल्यावर, तिघं स्थानकावर आले होते. औषधामुळे नंदीशला उन्हात काहीच धड दिसत नव्हतं. रुद्रम्मा पिशवी घेऊन पुढे होती. बब्रुवानने त्याचा उजवा दंड धरला, मग विचार करून डाव्या बाजूला आला आणि डावा धरला.

"काका, सोलापूरची कुठं लागती?"

गाडी समोर उभी होती. पाटी बब्रुवानला दिसत होती. ड्रायव्हर अजून खाली उतरला नव्हता, नोंद झाली नव्हती, माईक गप्प होता.

"दोनवर," बब्रुवान म्हणाला. "लागलेली हाय. चल."

पायरी उंच होती. त्याने नंदीशचा पाय हाताने धरून पहिल्या पायरीवर ठेवला, पुढचा त्याचा त्याने ठेवला. बब्रुवान गाडीच्या बाजूने चालत खिडकीखाली आला.

"जागा मिळाली का?"

"मिळाली. खिडकीची हाय."

"काच लावून घे. नळदुर्गापतूर धूळ लई हाय."

"व्हय," नंदीश म्हणाला.